टाब्लुट खेळांतील एक अपपाठ

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें इ. स. १७३२ त लॅपलंडचा प्रवास करीत असतां टाब्लुट नांवाचा पटावरील युद्धखेळ आपल्या रोजनिशींत टिपून ठेविला. पट ८१ घरांचा. मध्यभागीं कोटांत राजा, त्याजभोंवतीं ८ स्वीडिश शिपाई, आणि चारी दिशांस १६ मस्कोवी, म्हणजे रशियन. बुद्धिबळाप्रमाणें येथें दोन्ही सैन्यें सारखीं नाहींत. हेतूही सारखा नाहीं. राजानें कडेच्या घरीं निसटावें, शत्रूनें त्यास धरावें. असल्या विषम खेळांत न्याय राहावयाचा तो मारण्याच्या नियमावरच.

दोन शत्रूंमध्यें सांपडलेली सोंगटी मरते, व राजाही तसाच मरतो, असें मूळ लॅटिन टिपण सांगतें. राजा कोटांत असतां चौघे व कोटालगत असतां तिघे लागतात, एवढाच काय तो अपवाद. परंतु १८११ सालीं स्मिथनें लंडनास छापविलेल्या इंग्रजी भाषांतरांत ‘राजाही’ याचे ठिकाणीं ‘राजाखेरीज’ असें झालें! मग राजास सर्वत्र चौघांनीं कोंडणें आलें व मस्कोवींचा पक्ष लंगडा पडला. पुढील लोकांनीं हें वैगुण्य खेळाचेंच समजून तोल सांवरण्यास पदरचे नियम घातले. आमच्या मतें खेळ निर्दोष आहे, दोष भाषांतरकाराचा. आश्चर्य हें कीं, लिनियसचा दप्तरसंग्रह स्मिथनें १७८४ तच विकत घेतला होता, आणि मूळ रोजनिशी त्याच्याच घरीं होती.