‘अप्रीती’ : एका शब्दाचा न्यायालयीन इतिहास

कायदा करणे हे विधिमंडळाचे कार्य आणि त्याचा अर्थ लावणे हे न्यायाधीशाचे, अशी विभागणी पाठ्यग्रंथांतून केलेली आढळते. परंतु अर्थ लावताना न्यायाधीश कायद्यात स्वतःचे काही घालतो किंवा त्यातून काही वगळतो काय, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. भारतीय दंडसंहितेच्या १२४ अ या कलमातील ‘डिसअफेक्शन’ या एकाच शब्दाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात राजद्रोहाचे कलम होते. १८६० च्या संहितेत ते आले नाही. १८७० मध्ये, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन विधिसदस्य असताना, ते दाखल करण्यात आले. सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ची भावना चेतविणे हा अपराध ठरला, पण त्या शब्दाची व्याख्या दिली गेली नाही. केवळ एक स्पष्टीकरण जोडले गेले. सरकारच्या कृत्यांविषयीची जी नापसंती कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याच्या व तिला साहाय्य करण्याच्या वृत्तीशी सुसंगत असेल, ती ‘डिसअफेक्शन’ नव्हे, असा त्याचा आशय होता.

मराठीत या शब्दासाठी ‘अप्रीती’ हा प्रतिशब्द रूढ झाला, आणि वादाचे मूळ या प्रतिशब्दातही जसेच्या तसे उतरले. संस्कृत वैयाकरणांनी नकारवाचक ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले आहेत, त्यांत अभाव हा एक आणि विरोध हा दुसरा. ‘अमित्र’ म्हणजे मित्र नसलेला कोणीही नव्हे, तर शत्रू. मग ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव की प्रीतीचा विरोधी भाव? न्यायालयांपुढे इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने हाच प्रश्न उभा राहिला.

१८९१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ पत्रावरील खटल्यात मुख्य न्यायाधीश पेथरम यांनी दुसरा अर्थ घेतला : प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, म्हणजे तिटकारा किंवा द्वेष. ज्यूरीचे एकमत न झाल्याने तो खटला निकालापर्यंत गेला नाही. १८९७ मध्ये ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातील मजकुरावरून टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले की, ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार असा दुर्भावनेचा प्रत्येक प्रकार तीत येतो, आणि प्रत्यक्ष दंगा किंवा बंडाळी घडविण्याचा प्रयत्न सिद्ध होण्याची आवश्यकता नाही. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तीन भारतीय ज्यूरर निर्दोष म्हणाले. शिक्षा अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची झाली. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, शब्दाच्या व्युत्पत्तीला चिकटून राहण्याने कायद्याची व्याप्ती आकुंचित झाली नाही, ती वाढली.

त्यानंतर थोड्याच काळात इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राचे प्रकरण त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आले. न्यायमूर्ती रानडे यांनी केवळ प्रीतीचा अभाव हा अर्थ पुरेसा मानला नाही. सत्तेविषयीची उघड अवज्ञा किंवा लोकांची निष्ठा सैल करणारा विधायक स्वरूपाचा राजकीय विकार त्यांनी त्यात पाहिला. मात्र या अर्थानेही अपराधसिद्धी कायमच राहिली. अर्थ संकुचित केल्याने आरोपी सुटतोच असे नाही.

१८९८ मध्ये विधिमंडळाने स्वतःच हस्तक्षेप केला. कलमात द्वेष व तुच्छता हे शब्द आले, ‘डिसअफेक्शन’मध्ये अनिष्ठा व वैराच्या सर्व भावना समाविष्ट असल्याचे सांगण्यात आले, आणि आज्ञापालनाच्या वृत्तीची जुनी कसोटी गाळण्यात आली. त्यामुळे शब्दनिष्ठ अर्थाचा पक्ष बळकट झाला. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी, सार्वजनिक अव्यवस्था किंवा तिचा संभव हेच या अपराधाचे सार होय, असा निर्णय निहारेंदु दत्त मजुमदार खटल्यात दिला. परंतु १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तो अमान्य केला. कलमात अव्यवस्थेचा उल्लेखच नाही, मग न्यायाधीशाने तो कोठून आणावा, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. केवळ पाठ पाहता त्याला उत्तर देणे सोपे नाही.

ते उत्तर पाठातून आले नाही, संविधानातून आले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, मुख्य न्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या निर्णयान्वये, ग्वायर यांचा अर्थ स्वीकारला. शब्दशः अर्थ घेतल्यास कलम अनुच्छेद १९ शी विसंगत ठरून रद्द होते. संकुचित अर्थ घेतल्यास ते टिकते. दोन अर्थ संभवत असता कायदा टिकविणारा अर्थ घ्यावा, हे तत्त्व तेथे निर्णायक ठरले.

या अर्थनिर्णयाने भाषणस्वातंत्र्याचे रक्षण झाले, हे खरे. पण त्याची किंमतही पडली. ग्रंथातील कलमाचे शब्द पूर्वीइतकेच विस्तृत राहिले आणि त्यांचा संकोच केवळ निकालपत्रात राहिला. फिर्याद नोंदविणारा अधिकारी प्रथम कलम वाचतो; निकालपत्राचा आधार आरोपीला न्यायालयात जाऊन घ्यावा लागतो. रद्द होऊ शकणारे कलम अर्थाच्या आधाराने आणखी साठ वर्षे जगले. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याखालील कारवाई स्थगित ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात येऊन ते कलम संपले. नव्या १५२ व्या कलमात ‘डिसअफेक्शन’ हा शब्द नाही. तेथे फुटीरतेच्या भावना, सार्वभौमत्व, एकता व अखंडता ही पदे आहेत.

तात्पर्य, शब्दनिष्ठा म्हणजे न्यायाधीशाचा संयम आणि उदार अर्थ म्हणजे स्वातंत्र्याचा लाभ, ही दोन्ही समीकरणे या इतिहासात टिकत नाहीत. स्ट्रॅची यांनी शब्दाला धरून कायदा वाढविला. १९६२ च्या पीठाने शब्दापलीकडे जाऊन त्यास आवर घातला, आणि त्याच कृतीने त्याला आयुष्यही दिले. विधिमंडळाने सैल ठेवलेला शब्द न्यायाधीश आवळू शकतो. तो पुसून टाकणे मात्र विधिमंडळाकडेच राहते.