झोपेत अडखळणारा श्वास

घरात कोणी मोठमोठ्याने घोरू लागले की आपल्याला हसू येते. ‘बघा, कसा ढाराढूर झोपलाय!’ असे आपण म्हणतो. दिवसा बसल्या जागी डुलक्या घेणाऱ्याला तर कुंभकर्ण ही पदवी ठरलेलीच. या हसण्याच्या आड एक आजार फार काळ लपून राहिला. तो कसा ओळखला गेला आणि त्यावर उपाय कसा सापडला, ते आज थोडक्यात पाहू.

चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने १८३६-३७ साली ‘पिकविक पेपर्स’ क्रमशः लिहिली. तीत ज्यो नावाचा एक लठ्ठ नोकर मुलगा आहे. कामाला पाठवावे तर तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. वाचकांना तो गमतीचा वाटला. पुढे डॉक्टरांना मात्र त्याच्यात रोगाची लक्षणे दिसली.

शिक्षकबंधूंनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १८८९ साली विल्यम हिल या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मुलांच्या मंदपणाची काही कारणे मांडली. नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे जी मुले तोंडाने श्वास घेतात आणि रात्री घोरतात, ती वर्गात मठ्ठ ठरतात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे दोष बुद्धीचा नसून श्वासाचा असू शकतो! परंतु हा धागा पुढे बराच काळ कोणी फारसा ओढला नाही.

नंतरची गोष्ट अमेरिकेतली. १९५६ साली बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. वय ५१, वजन सुमारे १२० किलो. एकदा पत्ते खेळताना याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे असा उत्तम डाव आला, आणि तेवढ्यात गृहस्थांना झोप लागली! डाव हातचा गेला, तेव्हा ते रुग्णालयात आले. बरवेल यांनी या आजाराला डिकन्सच्या कादंबरीवरूनच नाव दिले. आहार कमी करून रुग्णाचे वजन उतरवले, तशी झोपही ओसरली. श्वास अपुरा पडल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यामुळे गुंगी येते, असा त्यांचा अंदाज होता. पण खरा उलगडा व्हायचा होता तो रात्री.

१९६५ साली फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो आणि त्यांचे सहकारी, तर जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कूलो यांनी अशा रुग्णांच्या झोपेची आणि श्वासाची बरोबरीने नोंद घेतली. तेव्हा दिसले की हे लोक झोपतात खरे, पण झोपेत त्यांचा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो.

असे का व्हावे? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे सरकतो. काहींची वाट त्यामुळे अरुंद होते; हवा थरथरत जाते, तेच घोरणे. कधी वाट पुरती बंद होते. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. आजार बळावला असेल तर रात्रीत हे शेकडो वेळा घडते. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. १९७६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील गियमिनो यांनी सहकाऱ्यांसह या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यालाच आपण स्लीप ॲप्निया म्हणतो.

सुरुवातीचा उपाय कठोर होता. गळ्याला छिद्र पाडून श्वासनळीत नळी बसवायची. गुण येई, पण ते छिद्र घेऊन जगायचे! ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी वेगळा विचार केला. नाकावर मुखवटा बसवून हवेचा सौम्य दाब सतत दिला, तर घशाची वाट उघडी राहील. घरातली धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या मोटारीसारखी साधी सामग्री त्यांनी त्यासाठी वापरली. १९८१ साली पाच रुग्णांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला. सीपॅप हे यंत्र आज जगभर वापरले जाते. मात्र ते रोज रात्री लावावे लागते, हे विसरू नये.

हा आजार क्वचित होणारा नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ३० ते ६० वर्षांच्या नोकरदारांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष १९९३ साली आला: शंभर पुरुषांत चार आणि शंभर स्त्रियांत दोन जणांना हा विकार, दिवसाच्या झोपाळूपणासह, होता. लठ्ठ माणसांना धोका अधिक, पण लहान जबड्याच्या सडपातळ माणसालाही तो होतो. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. आणि गाडी हाकताना डोळा लागला तर जिवावरच बेतते.

आता आपण काय करावे? रोगी झोपलेला असतो, म्हणून पहिली साक्ष शेजारी जागणाऱ्याची. घोरणे मध्येच थांबते का, मग गुदमरल्यासारखा श्वास येतो का, सकाळी डोके दुखते का, दिवसा पेंग येते का, हे पाहा आणि डॉक्टरांना सांगा. रात्रभराच्या तपासणीने निदान होते. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दारू सोडणे यांनी पुष्कळांना आराम पडतो. मुलांच्या बाबतीत टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी काढल्याने बहुधा चांगला गुण येतो.

आणि गुरुजी, मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाला उभे करण्यापूर्वी त्याच्या आईला एवढेच विचारा: ‘हा रात्री घोरतो का?’