शनी, हिम आणि पर्जन्य : नगर प्रदेशातील ऋतुभाकितांचा इतिहास

अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव बिनदाराच्या घरांसाठी आणि उघड्या चौथऱ्यावरील शनीच्या काळ्या शिळेसाठी सर्वश्रुत आहे. या शिळेवर छप्पर नाही. ऊन, पाऊस आणि पौषातली थंडी ती सारखीच अंगावर घेते. शनीचे जे भय येथील भाविकांच्या मनात वसते त्याचा विचार सामान्यतः साडेसाती, चोरी व दंड यांच्या संदर्भात होतो. परंतु पर्जन्यछायेतील या प्रदेशात शनीचे आणखी एक रूप महत्त्वाचे होते, ते म्हणजे अवर्षणकर्त्याचे. येता हिवाळा किती कडक जाईल, उत्तरेकडे हिम किती पडेल, हे प्रश्नही या भागात स्वतंत्रपणे क्वचितच विचारले गेले. ते नेहमी दुसऱ्या एका प्रश्नाच्या पोटात असत : पुढच्या साली पाऊस पडेल काय?

शनीचा अवर्षणाशी असलेला संबंध रोहिणीशकटभेदाच्या कल्पनेतून आला. रोहिणी नक्षत्राचे पाच तारे गाड्याच्या आकाराचे मानले जातात. शनी, मंगळ किंवा चंद्र या शकटातून गेल्यास लोकक्षय होतो, असे वराहमिहिराने बृहत्संहितेत नमूद केले. पुराणकथेत राजा दशरथ बारा वर्षांचा दुष्काळ टाळण्यासाठी शनीची वाट अडवतो, आणि दशरथाच्या नावावरील शनिस्तोत्र या कथेशीच निगडित आहे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ (इ. स. १५२०) मध्ये रचलेल्या ग्रहलाघवात शकटभेदाचे गणित दिले आणि त्याला जोडूनच सांगितले की, चंद्राचा शकटभेद होतो, पण शनी व मंगळ यांचा भेद युगांतरी घडणारा असून सांप्रत तो संभवत नाही. आधुनिक गणितही हेच सांगते. रोहिणीच्या शकटाचा उत्तरेकडील ताराही क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेस अडीच अंशांहून अधिक दूर आहे, तर त्या स्थानी शनीचा शर दोन अंशांच्या आतच राहतो. म्हणजे ज्या ग्रंथावरून पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातील पंचांगे तयार झाली त्याच ग्रंथाने हे भय गणिताने निकालात काढले होते. भय मात्र टिकले. गणित पंचांगकर्त्यापाशी राहिले आणि कथा देवळात गेली, असे म्हणावे लागते.

गुढीपाडव्याला वाचल्या जाणाऱ्या संवत्सरफलातही शनी येतोच. चैत्र शुद्ध प्रतिपदेचा वारपती वर्षाचा राजा ठरतो आणि सूर्याच्या आर्द्राप्रवेशाच्या वारावरून मेघेश ठरतो. तेथे शनिवार आला की फल उणे. ही पद्धत शेतकऱ्याला सोयीची होती, कारण ती प्रतिवर्षी निश्चित उत्तर देई. पण मागील वर्षीचे उत्तर चुकले की बरोबर आले याचा हिशेब तिच्यात कोठेही ठेवला जात नसे.

याहून वेगळी, निरीक्षणावर आधारलेली परंपरा गर्भलक्षणाची होय. वराहमिहिराच्या मते पावसाचा गर्भ मार्गशीर्षापासून पुढे हिवाळ्यातच धरला जातो आणि एकशे पंच्याण्णव दिवसांनी त्याचा प्रसव होतो. त्यासाठी वारा, ढग, खळे, संध्याराग यांबरोबर थंडी व हिम यांचीही लक्षणे त्याने दिली. मार्गशीर्षात थंडी अतिरेकी नसावी, पौषात हिमपात फार नसावा, माघात मात्र कडाक्याची थंडी आणि हिमाने धूसर झालेले सूर्यचंद्र शुभ, असा त्याचा क्रम आहे. सहदेव-भाडळीच्या नावावर चालणाऱ्या लौकिक ठोकताळ्यांतही निरीक्षणाची ही वृत्ती दिसते. पौषातील अतिहिम पावसाला बाधक, या वाक्यात एकोणिसाव्या शतकातील शोधाची पूर्वसूचना पाहण्याचा मोह एखाद्याला होईल. तो आवरलेला बरा. कारण माघाचे लक्षण नेमके उलट दिशेला जाते आणि दोन्हींपैकी सोयीचे तेवढे उचलणे ही इतिहासाची रीत नव्हे.

तो शोध दुष्काळातून निघाला. १८७६ मध्ये दख्खनचा पाऊस बुडाला. नगर, पुणे, सोलापूर, सातारा आदी जिल्हे त्यात होरपळले. पुणे व नगर जिल्ह्यांतील सावकारविरोधी दंग्यांना तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. दुष्काळी कामावरील मजुरांच्या श्रमातून पुढे गेलेला धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. तो नगरवरून राहुरीच्या बाजूने जातो. अशा आपत्तीची पूर्वसूचना मिळाली असती तर धान्याची आणि कामाची तजवीज आधी करता आली असती, हा विचार सरकारला आता टाळता येईना. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅन्फर्ड यांच्यापुढे हेच काम आले.

ब्लॅन्फर्ड यांनी उत्तर शोधले ते हिमालयाच्या हिमात. हिवाळ्यात, विशेषतः वसंताच्या तोंडाशी, वायव्य हिमालयात बर्फ अधिक पडले तर ते वितळवण्यात सूर्याची उष्णता खर्ची पडते, भूमी पुरेशी तापत नाही, कोरडे वायव्येचे वारे लांबतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारा दुबळा होतो, असे त्यांचे अनुमान होते. १८८४ मध्ये त्यांनी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. १८८२ पासून चार वर्षे प्रायोगिक भाकिते करून ४ जून १८८६ रोजी हंगामी पावसाचे पहिले रीतसर भाकीत प्रसिद्ध झाले. नगरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आयुष्यात कधी न पाहिलेले बर्फ अशा रीतीने त्याच्या बाजरीचा निर्णय करू लागले. साधन मात्र कच्चे होते. हिमाची मोजणी पहाडी मुलखातील अधिकाऱ्यांच्या अहवालांवर अवलंबून होती, आणि एका खिंडीत किती बर्फ साचले यावरून साऱ्या पर्वतराजीचा अंदाज बांधला जाई.

ब्लॅन्फर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांनी हिमाच्या जोडीला मॉरिशस आणि ऑस्ट्रेलियाकडील परिस्थितीही विचारात घेतली. त्यांच्याच कारकीर्दीत या पद्धतीची कठोर परीक्षा झाली. १८९९ च्या हंगामासाठी चांगल्या पावसाची आशा दर्शविण्यात आली होती. प्रत्यक्षात ते वर्ष १८७७ च्या पंक्तीला बसणारे, नोंदीतील अत्यंत कमी पावसाचे वर्ष ठरले आणि नगरसह दख्खन व गुजरात पुन्हा दुष्काळात सापडले. वृत्तपत्रांनी टीका केली. १९०२ ते १९०५ या काळात भाकिते गोपनीय ठेवण्यात आली. ही गोपनीयता म्हणजे पराभवाची कबुलीच होती. तरीही या प्रसंगाचे महत्त्व वेगळे आहे. संवत्सरफल चुकले म्हणून कोणा पंचांगकर्त्याला ते लपवावे लागले नव्हते. छापील, दिनांकित आणि आकड्यांत मोजता येणारे भाकीत चुकले की ते सर्वांसमक्ष चुकते, ही जबाबदारी प्रथमच भाकीत करणाऱ्यावर पडली.

१९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. त्यांनी हिमाला पदच्युत केले नाही, पण त्याला इतर घटकांच्या रांगेत बसवले. त्यांच्या आरंभीच्या सूत्रात हिमालयातील हिमसंचयाबरोबर मॉरिशस व दक्षिण अमेरिकेतील वायुभार आणि झांजिबारचा पाऊस होता. पुढे वायव्य भारत आणि द्वीपकल्प यांची भाकिते त्यांनी अलग केली. एका पर्वताच्या बर्फावर साऱ्या देशाचा पाऊस टांगता येत नाही, हे त्यात मान्य झाले होते. प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या ज्या हेलकाव्याला त्यांनी १९२४ मध्ये ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले, त्याच्याशी निगडित असलेली एल निनोची स्थिती १८७७ आणि १८९९ या दोन्ही साली होती हे आज ज्ञात आहे. हिमात शोधलेले कारण मुख्यतः समुद्रात होते.

१९२८ मध्ये खात्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’च म्हणतात, बर्फाच्या गावाचे नाव अशा प्रकारे दख्खनच्या भाकितांना चिकटून राहिले. उपग्रहांमुळे हिमाचे मापन सुकर झाल्यावर हान आणि शुक्ला यांनी १९७६ मध्ये युरेशियातील हिमाच्छादन व भारतीय मोसमी पाऊस यांतील व्यस्त संबंध दाखवला आणि १९८८ च्या गोवारीकर प्रतिमानातील सोळा घटकांत हिमाला पुन्हा स्थान मिळाले. २००२ मध्ये सर्वसाधारण पावसाचे भाकीत असताना देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. या वेळी भाकिते लपवली गेली नाहीत. पुढच्याच वर्षी प्रतिमान बदलण्यात आले.

या सर्व काळात नगरच्या हिवाळ्याकडे भाकीतकर्त्यांचे लक्ष फारसे नव्हते. वस्तुतः शाळू, गहू आणि हरभरा यांच्यावर जगणाऱ्या मुलखात थंडीचे मोल थोडे नाही. येथील थंडीची लाट बहुधा उत्तरेहून येते : पश्चिमी प्रक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकला की त्यामागचे कोरडे वारे मध्य भारत ओलांडून दख्खनच्या पठारावर उतरतात. त्यामुळे काश्मीर-हिमाचलातील हिमपाताची वार्ता ही काही दिवसांनी नेवासे-राहुरीकडे येणाऱ्या गारठ्याची सूचना ठरू शकते. हा संबंध दिवसांचा आहे, ऋतूंचा नव्हे. दोहोंची गल्लत अनेकदा होते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या तापमानाचा हंगामी अंदाज हवामान खाते आता प्रसिद्ध करते, पण तो संभाव्यतेच्या भाषेत आणि विस्तृत प्रदेशापुरता असतो. शिंगणापूरच्या शिवारात कोणत्या रात्री पारा किती उतरेल हे त्यातून निघत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये खात्याने मोसमी पाऊस सरासरीच्या १०६ टक्के राहील असे सांगितले, तेव्हा जानेवारी ते मार्च या काळात उत्तर गोलार्धातील हिमाच्छादन कमी होते, हे अनुकूल कारणांत नोंदलेले होते. पाऊस १०८ टक्के झाला. त्याच वर्षी पाडव्याला घरोघरी संवत्सरफलही वाचले गेले.