दौतींतली शाई आणि चोरीचा कायदा

दुसऱ्याच्या दौतींत न विचारतां टांक बुडविला, तर ती चोरी होईल काय? प्रश्न विनोदी वाटेल. परंतु मेकॉलेसाहेबांच्या मंडळानें १८३७ सालीं दंडविधानाचा मसुदा केला, तेव्हां त्याच्या टिपणांत हेंच उदाहरण घेतलें होतें. शब्दांकडे पाहतां ती चोरीच ठरते, अशी त्यांची कबुली होती. यास्तव, सामान्य समजाचा मनुष्य जिची तक्रार करणार नाहीं इतकी क्षुल्लक हानि गुन्हा मानूं नये, असें ठरलें. १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलेल्या दंडविधानाचें ९५ वें कलम तें हेंच.

चोरीची व्याख्या ३७८ व्या कलमांत होती. वस्तु जंगम हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यांतून, त्याच्या संमतीवांचून, अप्रामाणिक हेतूनें हलविलेली हवी. यांतलें एकहि अंग शाबीत झालें नाहीं, तर चोरीचा आरोप ढासळतो. परक्याची वस्तु आपलीच आहे अशा खऱ्या समजुतीनें नेणारा चोर नव्हे, हा दाखला खुद्द कायद्यांतच होता. उलट, परक्याच्या जमिनींतलें झाड लबाडीनें नेण्यासाठीं तोडलें, कीं तोडतांक्षणींच चोरी पुरी झाली! गरिबाचा बचाव बहुधा अशा बारकाव्यांत दडलेला असतो. आणि ते दाखविण्यास वकील लागतो.

परतूर तालुक्यांतील आष्टी हें गांव १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथील शेतकऱ्याची बोली मराठी, तर राज्याच्या न्यायालयांची भाषा उर्दू. फिर्याद, जामीन, मुद्देमाल हे शब्द मराठींत पूर्वींच रुळलेले होते. तथापि शब्द ओळखीचे असले म्हणून आरोपाचा सारा मजकूर उमगतो असें नाहीं. १८६० चें दंडविधान या मुलखास १९५१ सालीं लागू झालें.

कित्येकांच्या बाबतींत तर जन्मच आरोप ठरला होता. १८७१ सालीं निघालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ सालीं सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरला, आणि पारध्यांसारख्या जमाती त्याच्या जाळ्यांत आल्या. १९५२ सालीं तो रद्द झाला. संशय मात्र कायद्याबरोबर गेला नाहीं.

१९७६ सालीं राज्यघटनेंत ३९-अ हें कलम आलें. १९८७ चा विधि सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाला. कोठडींतील मनुष्यास, त्याचें उत्पन्न कितीहि असो, विनामूल्य वकील मागतां येतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली आहे. तिच्या ३०३ व्या कलमानें, पांच हजार रुपयांहून कमी किंमतीच्या चोरींत प्रथमच दोषी ठरलेल्यानें वस्तु वा तिची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा होते. ही दया खरी. पण ती एकदांच. त्याच कलमाखालीं पुन्हां दोषी ठरल्यास किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे. म्हणून ‘कबूल करून टाक आणि घरीं जा’ हा सल्ला निरपराध्यास फार महाग पडूं शकतो. पहिल्याच वेळीं वकील मागणें, हीच त्याची खरी ढाल होय.