काडी न लावता

पुण्यात पाषाणहून सूसला जाताना सुतारवाडी लागते. डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा तिथलीच. रॉकेटची घन इंधनं आणि स्फोटकं हा तिचा विषय. असलं इंधन पेटवायचं तर तापलेली तार टेकवायची किंवा आधी थोडी दारू पेटवून तिची आच द्यायची, हा जुना रिवाज. पण त्यात इंधनाला नेमकी किती उष्णता पोचली ते कळत नाही. अभ्यासकांना हवी होती न शिवता देता येईल आणि मोजता येईल अशी उष्णता.

प्रकाश एकवटून पेटवायची कल्पना तशी जुनीच. १७८६ मध्ये पॅरिसच्या पाले रोयाल बागेत रूसो नावाच्या घड्याळजीची छोटी तोफ बसली. ऊन असलं की बरोबर बाराला भिंगातून किरण दारूवर एकवटत आणि तोफ उडे. कोळशामुळे ती दारू काळी. प्रकाश झटकन पिते. रॉकेटच्या इंधनातले पांढरे स्फटिक मात्र बराचसा प्रकाश परतवतात, नाहीतर आत खोल जाऊ देतात. पृष्ठभाग हवा तसा तापत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर आर्क दिव्याचा झोत आरशांनी इंधनावर एकवटून प्रयोग झाले, तेव्हा ही अडचण होतीच. काजळी मिसळली की इंधन लवकर पेटे. पण मग तपासायचं होतं ते इंधन राहिलं कुठे?

तोड निघाली ती भलत्याच कामातून. १९३८ साली बारामतीत जन्मलेले कुमार पटेल पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअर झाले, स्टॅनफर्डला शिकून अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये गेले आणि १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर घडवला. त्याचा १०.६ मायक्रॉनचा अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही, पण बहुतेक घन इंधनं तो वरच्या पातळ थरातच शोषून घेतात. प्रज्वलनाच्या प्रयोगांत हा लेसर मग कायमचा रुळला. बारामती म्हटलं की आपल्याला ऊस आणि राजकारण आठवतं. हेही आठवायला हरकत नाही.

झोत जितका तीव्र तितकं इंधन लवकर पेटतं, हे कुणालाही पटेल. गंमत पुढची आहे. झोत झटकन बंद केला तर कधीकधी लागलेली ज्वालाही विझते. लेसरच्या आधाराने इंधन भराभर जळत असतं, त्यामुळे ज्वालेखालचा तापलेला थर अगदी पातळ राहतो; आधार गेला की त्यात साठलेली उष्णता पुरत नाही. म्हणून नुसती ज्वाला दिसली तर प्रयोग करणारे ‘पेटलं’ अशी नोंद करत नाहीत. लेसर बंद झाल्यावर इंधन आपल्या बळावर जळतंय का, ते आधी बघतात.