प्रकाश कुठं मुरतो?

गावी गेलं की मामाचा प्रश्न ठरलेला: "तुझा तो लेसर दुधाळ्याला बसणार का?" औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत लेसरचा प्रकाश.

मामाला खरं उत्तर असं की, आत्ता तरी नाही. अमेरिकेतल्या लायगोचा लेसर निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकांतून निघतो. मी काम करते ते यटर्बियम मिसळलेल्या काचेच्या फायबरवर. असे अॅम्प्लिफायर पुढच्या पिढीच्या वेधशाळांसाठी तपासले जाताहेत. अडचण मात्र आपल्या कालव्यासारखीच. वर सोडलेलं पाणी टेलच्या शेतापर्यंत सगळं पोचत नाही, वाटेत कुठंतरी मुरतं. फायबर लेसरचा इतिहास म्हणजे हे मुरण्याचे एकेक ठिकाण सापडत जाण्याचा इतिहास.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९६१ मध्ये एलायस स्नित्झर यांनी निओडिमियम मिसळलेल्या काचेतून लेसर मिळवला. १९६४ मध्ये त्यांनी आणि चार्ल्स कोस्टर यांनी फ्लॅशच्या दिव्याभोवती फायबर स्प्रिंगसारखी गुंडाळून त्यातून जाणारा प्रकाश वाढवून दाखवला. म्हणजे कल्पना तयार होती, पण काच तयार नव्हती. तेव्हाच्या काचेत इतकी अशुद्धी असायची की लांबवर प्रकाश पोचेचना. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दोष काचेचा नसून अशुद्धीचा आहे असं मांडलं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने किलोमीटरमागे २० डेसिबलच्या खाली घट आणली, म्हणजे किलोमीटरभरानंतर शंभरातला एक भाग उरायचा. आज १,५५० नॅनोमीटरला सुमारे ९५ भाग उरतात.

पहिली गळती बुजली. १९८७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्समध्ये इमॅन्युएल देसुर्व्हिर यांनी एर्बियमचा फायबर अॅम्प्लिफायर दाखवला. आज समुद्राखालून येणारं तुमचं इंटरनेट त्याच्याच जोरावर चालतं.

बरं, मग एर्बियम जास्त घातलं की प्रकाश जास्त वाढेल? नाही! इथं दुसरी गळती दिसली. एर्बियमचे आयन शुद्ध सिलिका काचेत नीट पसरत नाहीत, घोळक्याने बसतात. पंपाची ऊर्जा घेतलेला आयन वरच्या पातळीवर साधारण १० मिलिसेकंद थांबतो. तेवढ्यात शेजारीही तसाच भारलेला असेल, तर एक आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन खाली येतो. दुसरा आणखी वर चढतो आणि लगेच घसरून मूळ जागी येतो; मधली ऊर्जा मुख्यतः उष्णता बनते. दोन फोटॉन मिळायचे तिथं एकच उरतो. उपाय निघाला तो काचेत अॅल्युमिनियम घालण्याचा, म्हणजे आयन एकमेकांपासून लांब बसतात.

यटर्बियमला पातळ्या दोनच, त्यामुळे हा चढउतार जवळजवळ नाही. म्हणून मोठ्या शक्तीच्या लेसरसाठी सगळे त्याच्याकडे वळले. पण त्याचीही फायबर वापरता वापरता आतून काळवंडते आणि स्वतःचाच प्रकाश शोषू लागते, हे लक्षात आलं. त्यावर काचेत फॉस्फरस किंवा सेरियम मिसळून बऱ्यापैकी इलाज झाला.

तिसरी गळती बुजवता येतच नाही. पंप ९७६ नॅनोमीटरचा आणि लेसर १,०६४ चा असेल, तर प्रत्येक फोटॉनमागे सुमारे ८ टक्के ऊर्जा काचेतच राहते. १,००० वॉट बाहेर काढायचे तर ९० वॉट उष्णता केसासारख्या बारीक काचेत! २०१० च्या सुमारास दिसलं की एका मर्यादेपुढे या उष्णतेमुळे लेसरचा झोतच अचानक थरथरू लागतो. कारखान्यात पत्रा कापताना हे त्रासदायक. वेधशाळेत तर चालणारच नाही, कारण तिथं प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजायची असते.

माझा प्रबंध या तिसऱ्या गळतीवर आहे. मामाला मी सांगितलं, "पाणी मुरणारच. ते मुरताना बांध फुटू नये, एवढंच बघतेय."

"मग ते काम महत्त्वाचंय," मामा म्हणाला. टेलला शेत असलेल्या माणसाला जास्त समजवावं लागत नाही.