ट्रकमध्ये बसलेला रेल्वेचा प्रवासी

मागच्या वेळी एकानं विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसानं साखळ्या आणि पाचरींवर काय बोलायचं? तर बोलतो.

नागपूरकराला ट्रकचं नवल नाही. राष्ट्रीय महामार्ग 44 आणि 53 इथेच एकमेकांना छेदतात. नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले ट्रेलर आपण पाहतोच. पण वाहनावर वाहन चढवणं मोटारीहून जुनं आहे. 1830 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळात इंग्लंडातले श्रीमंत आपली बग्गी सपाट वाघिणीवर चढवून बांधून घेत, आणि पुष्कळदा त्या बग्गीतच बसून जात. घोडे वेगळ्या डब्यात! परक्या माणसाशेजारी बसायला नको, एवढ्यासाठी केवढा खटाटोप.

आता कोकणात या. तिथे 26 जानेवारी 1999 रोजी कोकण रेल्वेनं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक उतारावरून सपाट वाघिणीवर चढतो आणि वाघिणीमागून वाघीण ओलांडत पुढे जातो. घाटातलं डिझेल वाचतं, टायर वाचतात.

खरी गोम बांधणीत. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, ट्रक उभा राहिला. म्हणजे स्थिर झाला का? कशाच्या मानानं स्थिर? गॅलिलिओनं 1632 च्या ग्रंथात जहाजाच्या बंद खोलीचा दाखला दिला. जहाज एकसारख्या वेगानं चाललं, तर आतल्याला गती कळतच नाही. पण रेल्वे एकसारखी थोडीच चालते? ब्रेक लागला की ट्रक पुढे जाऊ पाहतो, वळणावर बाहेरच्या बाजूला. हँडब्रेक चाक फिरू देत नाही, पण चाक घसरलं तर तो काय करणार? म्हणून चाकापुढे-मागे पाचर, आणि चारही कोपऱ्यांना तिरप्या साखळ्या, एकमेकींच्या उलट ओढणाऱ्या. त्यात ट्रक स्प्रिंगांवर डुलतो, दर डुलण्याला साखळी थोडी सैल पडते. म्हणून वाटेत पुन्हा आवळावी लागते. साखळी गतीसाठी नसतेच, बरं का; गतीतल्या बदलासाठी असते.

आणि ड्रायव्हर? तो आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून जातात. त्या इंग्रज सरदारासारखेच, फक्त हौस म्हणून नव्हे. माल त्यांच्या जिम्म्यावर असतो. झोप मिळते, हे खरं, आणि घाटात रात्र काढलेल्या माणसाला ती लहान गोष्ट नाही. पण केबिनला संडास नसतो.

2025 च्या गणेशोत्सवासाठी कोकण रेल्वेनं याच कोलाड-वेर्णा मार्गावर खासगी मोटारींची रो-रो जाहीर केली. मोटारीत बसून जायला परवानगी नव्हती. मोटारवाल्यांसाठी गाडीला वेगळे डबे होते, त्यात वातानुकूलितही. तेव्हा मला ट्रकवाले आठवले. 26 वर्षं ते त्याच रुळांवरून केबिनमध्ये बसून जात होते.